सोंगट्या परगावी

बुद्धिबळाचा डाव मांडायचा तर पट हवा, सोंगट्या हव्यात आणि समोर बसणारा गडी हवा. ह्यांपैकी समोरच्या गड्यावाचून काम भागते, हे माणसाच्या फार पूर्वीच ध्यानात आले होते. पत्राने एकेक खेळी कळवून महिनोन्‌महिने चालणारे डाव युरोपात कितीतरी जणांनी खेळले. मग तारायंत्र निघाले. अमेरिकेत वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर ह्या दोन शहरांना जोडणारी मॉर्ससाहेबांची तार १८४४ च्या मे महिन्यात सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दोन्ही गावांचे खेळाडू तिच्यावरून बुद्धिबळ खेळू लागले. सरकारी पैशाने ओढलेल्या तारेवर सहा महिन्यांच्या आत खेळ सुरू व्हावा, ह्याचे मला तरी नवल वाटत नाही. नवे वाहन घरी आले की पहिली फेरी देवळापर्यंत आणि दुसरी उगाचच, ही रीत सगळीकडची आहे.

पण त्या डावात पट दोन्ही घरी असे. तारेतून जाई ती केवळ खेळीची वर्दी. पट परक्याच्या घरी, सोंगट्याही परक्याच्या घरी, आणि आपल्याकडे फक्त बोट हलवण्याचा अधिकार, असा खेळ निघायला आणखी दीडशे वर्षे जावी लागली. आज त्याला क्लाउड गेमिंग म्हणतात. नातू नाशकात बसून हातातल्या कंट्रोलरची कळ दाबतो. ती वर्दी शेकडो कोसांवरच्या एका थंडगार वखारीत जाते, जिथे मांडणीवर मांडणी रचून संगणक ठेवलेले असतात. तिथले यंत्र नायकाला उडी मारायला लावते, त्या उडीचे चित्र काढते, ते दाबून बारीक करते आणि नाशकाला परत धाडते. हे सेकंदाला साठ वेळा. घरातली पेटी, दूरदर्शन संच किंवा फोन ही नुसती खिडकी. खेळ खिडकीत दिसतो, पण तो घरात नसतो.

ह्या कल्पनेचा इतिहास लोक समजतात तसा परवाचा नाही. व्हिडिओ गेम घराघरांत आणणारा जो आद्य पुरुष, त्याच्याच डोक्यात तिचे बीज सापडते. राल्फ बेअर हे त्याचे नाव. जर्मनीतल्या ज्यू कुटुंबात १९२२ साली जन्मलेला हा मुलगा १९३८ साली नाझींच्या तावडीतून निसटून अमेरिकेला गेला, रेडिओ दुरुस्त करायला शिकला आणि पुढे न्यू हॅम्पशर राज्यातल्या सँडर्स नावाच्या, लष्कराची कामे करणाऱ्या कंपनीत अभियंता झाला. अमेरिकेतल्या कोट्यवधी घरांत टीव्ही आहेत. त्यांचा उपयोग नुसता पाहण्यासाठीच का व्हावा, हा प्रश्न त्याला १९६६ साली पडला आणि त्याने चार पानांचे टिपण लिहून काढले. त्यातून झालेली तपकिरी पेटी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे, आणि तिची विक्रीसाठीची आवृत्ती ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ १९७२ साली दुकानांत आली.

त्या पेटीला पडद्यावर काही ठिपके आणि एखादी रेघ, ह्यापलीकडे काही काढता येत नसे. मैदान, जाळी, डोंगर हे सगळे दाखवायला प्लॅस्टिकचे रंगीत कागद मिळत. ते टीव्हीच्या काचेवर चिकटवायचे! बेअरला ही उणीव ठाऊक होती. म्हणून १९६८ साली त्याने आणि त्याच्या कंपनीने टेलिप्रॉम्प्टर ह्या केबल टीव्ही कंपनीशी बोलणी केली. मैदानाचे खरेखुरे रंगीत चित्र केबलच्या तारेतून यावे आणि घरच्या पेटीने त्यावर फक्त खेळाडूंचे ठिपके नाचवावेत, अशी योजना होती. केबल कंपनीकडे पैशाची ओढाताण चालली होती, बोलणी फिसकटली आणि तारेतून येणारे मैदान कागदावरच राहिले. पण निम्मा खेळ बाहेरून आणि निम्मा घरातला, ही विभागणी ज्याने पहिली कन्सोल बनवली त्यालाच सुचली होती, हे विसरता कामा नये.

पुढच्या माणसाची गोष्ट जरा गमतीची आहे. विल्यम फॉन माइस्टर हा नवनवे धंदे काढून ते बुडवण्यात हातखंडा असलेला गृहस्थ. त्याला खरे म्हणजे घरोघर संगीत पाठवायचे होते; ध्वनिमुद्रिकांच्या व्यापाऱ्यांनी त्याला विरोध केला, तेव्हा त्याने संगीताऐवजी खेळ पाठवायचे ठरवले. १९८३ साली त्याने ‘गेमलाइन’ काढली. अटारीच्या कन्सोलमध्ये एक जाडजूड कार्ट्रिज बसवायची, तिला टेलिफोनची तार जोडायची, की फोनवरून खेळ उतरून येई. काही डाव झाले की तो आपोआप निरुपयोगी होई आणि पुन्हा पैसे भरावे लागत. कल्पना नामी होती, वेळ मात्र नेमकी वाईट. त्याच वर्षी अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार धाडकन कोसळला आणि गेमलाइनही त्याखाली गाडली गेली. उरलेल्या मंडळींनी तेच तंत्र घरगुती संगणकांना जोडले, दुसरी कंपनी उभारली, आणि तिचेच नाव १९९१ साली ‘अमेरिका ऑनलाइन’ झाले. एका पिढीतल्या लक्षावधी अमेरिकनांना इंटरनेटची ओळख जिने करून दिली, ती कंपनी बुडालेल्या खेळाच्या दुकानातून निघाली.

सेगा कंपनीने १९९४ च्या डिसेंबरात केबलवरून खेळ देणारी वाहिनी अमेरिकेत काढली. महिना सुमारे १५ डॉलर भरले की पन्नासपर्यंत खेळ. कन्सोल बंद केली की उतरवलेला खेळ पुसला जाई. चार वर्षांत तीही मिटली. तिच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे आहे, पण त्याच सुमारास जपानात जे घडले ते इतके विलक्षण आहे की मला तिकडे जाण्याची घाई झाली आहे.

निन्टेन्डो कंपनीने १९९५ च्या एप्रिलात ‘साटेलाव्ह्यू’ नावाचा जोड आपल्या सुपर फॅमिकॉम कन्सोलखाली बसवायला दिला. सेंट गिगा नावाचे एक उपग्रह रेडिओ केंद्र होते. त्याच्या लहरींवरून खेळ प्रक्षेपित होत. आपल्याकडे आकाशवाणीवरच्या श्रुतिकेची वेळ झाली की घरातली सगळी माणसे हातातले काम टाकून रेडिओपाशी जमत, ते जुन्या वाचकांना आठवत असेल. अगदी तसेच. काही खेळ ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासालाच खेळता येत. ‘झेल्डा’ ह्या प्रसिद्ध खेळाची खास आवृत्ती १९९५ च्या ऑगस्टात आली, ती आठवड्याला एक अशा चार भागांत. खेळ कन्सोलवर चालू असे आणि त्याच वेळी उपग्रहावरून नटांचे आवाज आणि वाद्यवृंदाचे संगीत ऐकू येई. घड्याळाचा काटा ठरल्या ठिकाणी आला की निवेदक सांगे, पडद्यावर काहीतरी घडे, आणि हजारो घरांतली मुले एकाच क्षणी एकाच संकटात सापडत. तास संपला की खेळ संपला. ज्याचा राक्षस मारायचा राहिला त्याचा राहिला.

हा प्रकार ३० जून २००० रोजी कायमचा बंद पडला. खेळाचा काही भाग छोट्या स्मृतिपेटीत साठवता येई, पण त्या पेटीत जेमतेम एक मेगाबाइट मावे, आणि नवा खेळ आला की पोरे जुना पुसून टाकीत. आवाज तर कुठेच साठत नसे. तो हवेतून आला आणि हवेत गेला. नंतर हौशी मंडळींनी काय काय केले पाहा. त्यांनी जपानातल्या जुन्या बाजारातून वापरलेल्या स्मृतिपेट्या विकत घेतल्या आणि त्यांत चुकून काय उरले आहे ते वाचून काढले. कुणी त्या काळी खेळताना व्हिडिओ कॅसेटवर चित्रण करून ठेवले होते. त्या कॅसेटींतून निवेदकाचा आणि नटांचा आवाज उचलला. असे तुकडे जोडजोडून तो झेल्डा त्यांनी पुन्हा खेळता येईल असा उभा केला. पण असे भाग्य सगळ्यांच्या वाट्याला आले नाही. शिलालेखाची अक्षरे झिजतात, पोथीला कसर लागते, तरी काहीतरी हाती राहते. जो खेळ घरात कधी आलाच नाही, त्याचा अवशेष शोधायचा कुठे?

इथवरचे सगळे प्रयत्न एका अर्थी पूर्वतयारीचे. त्यांत खेळ बाहेरून येई, पण चाले घरच्याच यंत्रावर. यंत्रच बाहेर ठेवायचे म्हटले की गाठ निसर्गाशी पडते. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रे येतात, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला सेकंदाचे सोळा-सतरा सहस्रांश. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. वेग प्रचंड खरा, पण मुंबईहून कॅलिफोर्निया साडेतेरा हजार किलोमीटर दूर आहे. तंतू अगदी सरळ रेषेत टाकला, जो कुणी टाकू शकत नाही, तरी कळ दाबल्याची वर्दी जाऊन चित्र परत यायला १३५ सहस्रांश लागतील. तेवढ्यात आठ चित्रे निघून जातात. शत्रूने तलवार उपसली, आपण ढाल उचलली, आणि ढाल वर येईपर्यंत मुंडके धडावेगळे झालेले! बुद्धिबळात तार उशिरा पोचली तर राजा मरत नसे. ह्या खेळांत मरतो. तेव्हा उपाय एकच, तो म्हणजे यंत्रांची वखार खेळणाऱ्याच्या जवळ हवी. शिवाय चित्र बारीक करून पाठवणे आणि इकडे ते पुन्हा उलगडणे ह्यालाही वेळ लागतो, तोही वाचवायचा.

हे साधल्याचा दावा स्टीव्ह पर्लमन ह्याने २००९ च्या मार्च महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या खेळनिर्मात्यांच्या परिषदेत केला. हा माणूस काही ऐरागैरा नव्हता. त्याने पूर्वी टीव्हीवर इंटरनेट दाखवणारी ‘वेबटीव्ही’ कंपनी काढून १९९७ साली मायक्रोसॉफ्टला विकली होती. त्याच्या नव्या सेवेचे नाव ‘ऑनलाइव्ह’. त्या वर्षी ‘क्रायसिस’ हा खेळ चालवणे भल्याभल्या संगणकांना जड जाई. पर्लमनने तो हातात मावणाऱ्या पेटीवर चालवून दाखवला. जाणत्या समीक्षकांनी हे शक्यच नाही असे लेख लिहिले. त्याचे उत्तर एवढेच, की आमची वखार तुमच्यापासून हजार मैलांच्या आत असेल. १७ जून २०१० रोजी ऑनलाइव्ह अमेरिकेत सुरू झाले आणि ते चालले. ज्यांनी शक्य नाही म्हटले होते त्यांनीही, चित्र थोडे धूसर आहे आणि हात थोडा जड पडतो, एवढ्यावर भागवले. त्यात एक दालन असे होते, की दुसरे लोक खेळत आहेत त्यांचे चालू डाव भिंतीवर मांडलेल्या चित्रांसारखे पाहता येत. आज दुसऱ्याचा खेळ तासन्‌तास पाहणारी मुले घरोघर आहेत. तो नाद त्या भिंतीने आधीच ओळखला होता.

मग ते बुडाले का? हिशेबामुळे. टीव्ही केंद्राचे एकच प्रक्षेपण लाख घरांत जाते आणि खर्च तोच राहतो. इथे प्रत्येक खेळणाऱ्यामागे वखारीत वेगळे यंत्र राबवावे लागते. रात्री जेवणे उरकल्यावर सगळे एकदम खेळायला बसतात, त्या दोन-तीन तासांसाठी यंत्रे घ्यायची आणि उरलेला दिवस ती बसून राहायची. लग्नाच्या एका पंगतीसाठी बारमाही आचारी ठेवण्यासारखा हा व्यवहार. २०१२ च्या ऑगस्टात एके दिवशी सगळ्या नोकरवर्गाला बोलावून निरोप देण्यात आला. कंपनीची मालमत्ता धनकोंच्या वतीने ४८ लाख डॉलरना विकली गेली. नव्या मालकाने सेवा कशीबशी तीन वर्षे रेटली. शेवटी सोनी कंपनीने तिचे पेटंट हक्क घेतले आणि ३० एप्रिल २०१५ रोजी ऑनलाइव्ह मालवले. लोकांनी त्यावर पैसे भरून घेतलेले खेळ त्याबरोबरच गेले.

सोनीने त्याआधीच, २०१२ च्या जुलैत, डेव्हिड पेरीची ‘गाइकाइ’ ही दुसरी कंपनी ३८ कोटी डॉलर मोजून घेतली होती. तिचा सोनीला फार निकडीचा उपयोग होता. प्लेस्टेशन ३ चा प्रोसेसर इतका तऱ्हेवाईक, की त्याचे खेळ पुढच्या प्लेस्टेशनवर चालेनात. सोनीने जुन्या जातीची यंत्रे वखारीत मांडली आणि त्यांवरचे खेळ तारेतून नव्या कन्सोलवर दाखवले. जुने पाहण्यासाठी नवे तंत्र. ह्या सगळ्या इतिहासातले मला सर्वांत समंजस वाटणारे काम हेच.

आणि आता गूगल. १९ मार्च २०१९ रोजी, त्याच परिषदेत, आपल्याकडचे सुंदर पिचई ह्यांनी ‘स्टेडिया’ची प्रस्तावना केली. ज्या कंपनीच्या वखारी जगभर आहेत, जिच्यापाशी पैशाला तोटा नाही, तिला ऑनलाइव्हची अडचण कशी येणार? १९ नोव्हेंबरला चौदा देशांत सेवा सुरू झाली. पेटी नाही, डिस्क नाही. कंट्रोलर थेट वाय-फायने गूगलच्या वखारीशी बोले. यंत्र म्हणून ते उत्तम होते. २०२० च्या डिसेंबरात ‘सायबरपंक २०७७’ हा बहुचर्चित खेळ आला आणि जुन्या कन्सोलींवर त्याची अशी काही दैना झाली की सोनीने तो दुकानातून काढून घेतला. त्याच दिवसांत स्टेडियावर तो सुरळीत चालत होता. पण वर्गणीत सगळे काही मिळते अशी लोकांची समजूत, आणि इथे एकेक खेळ पूर्ण किमतीला विकत घ्यावा लागे. किंमत पूर्ण, हातात मात्र काही नाही. लोक कचरले. २०२१ च्या फेब्रुवारीत गूगलने आपल्या खेळ बनवणाऱ्या शाखा मिटवल्या. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सेवाच बंद करण्याची घोषणा झाली, आणि ज्यांचे खेळ तिच्यावर यायचे होते अशा कित्येक निर्मात्यांना ती वृत्तपत्रांतूनच कळली.

गूगलच्या पदरी एक पुण्य मात्र बांधले पाहिजे. त्याने खेळांचे आणि कंट्रोलरचे पैसे ग्राहकांना परत केले. पण पैसा परत करता येतो, तास येत नाहीत. ‘रेड डेड ऑनलाइन’ ह्या काउबॉयांच्या खेळात जवळजवळ सहा हजार तास घालवलेला एक खेळाडू त्या दिवसांत बातम्यांत झळकला. आपला माणूस, त्याचे घोडे, त्याची कमाई दुसऱ्या यंत्रावर नेऊ द्या, एवढेच तो निर्मात्यांना विनवत होता. सहा हजार तास म्हणजे रोज आठ तास धरले तरी दोन वर्षे होतात. वडीलधारे म्हणतील, काय हा वेळेचा अपव्यय! म्हणोत बापडे. पण कुणी दोन वर्षे खपून घर बांधले आणि जमीनमालकाने भाडेपट्टा संपवला, तर आपण घराच्या उपयुक्ततेची चर्चा करत बसत नाही. काही कंपन्यांनी आपापल्या खेळाडूंना पुढे वाट करून दिली. ‘आउटकास्टर्स’सारखा केवळ स्टेडियासाठी केलेला खेळ मात्र स्टेडियाबरोबर गेला.

जानेवारी २०२३ मध्ये, दिवा मालवण्याच्या पाच दिवस आधी, स्टेडियाच्या मंडळींनी एक साधा खेळ सगळ्यांसाठी खुला केला. त्याचे नाव नुसते ‘वर्म गेम’. पडद्यावर एक अळी सरपटते, खाते आणि वाढते. स्टेडिया जगाला माहीत होण्याआधी यंत्रणेची चाचणी घेण्यासाठी तो आतल्या लोकांनी केला होता. १८ जानेवारीला सेवा बंद झाली. त्याच सुमारास गूगलने एक सोय केली, तीमुळे तो कंट्रोलर ब्लूटूथवर चालू लागला. वखार गेली, पण हातातली वस्तू दुसऱ्या यंत्राच्या चाकरीला लागली.

तंत्र हरले असे ह्यावरून कुणी समजू नये. मायक्रोसॉफ्टने १५ सप्टेंबर २०२० पासून आपल्या वर्गणीदारांना हीच सेवा दिली, तीही वखारीत आपल्याच एक्सबॉक्सचे भाग मांडून. तिचे वजन किती वाढले होते ते ब्रिटनमध्ये दिसले. मायक्रोसॉफ्ट ६,८७० कोटी डॉलरना ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड कंपनी घेऊ पाहत होती. २६ एप्रिल २०२३ रोजी ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने तो सौदा अडवला. कारण कन्सोलींचे नव्हते, क्लाउडचे होते. जगातल्या ह्या सेवांपैकी साठ ते सत्तर टक्के आधीच मायक्रोसॉफ्टच्या हाती आहेत, त्यांत इतके खेळ आणखी गेले तर दुसऱ्याने उभे राहायचे कुठे, असा सवाल होता. अखेर ॲक्टिव्हिजनच्या खेळांचे क्लाउडचे हक्क युबिसॉफ्ट ह्या फ्रेंच कंपनीला द्यावे लागले, तेव्हा १३ ऑक्टोबरला सौदा मार्गी लागला. ज्या धंद्याने दोनदा दिवाळे पाहिले, त्याच्यासाठी जगातला एवढा मोठा सौदा सहा महिने रखडला.

आपल्याकडे व्हिडिओ गेम म्हणजे कॅसेट, असे एका पिढीचे समीकरण होते. ‘समुराई’ आणि तसल्या स्वस्त नकली कन्सोली नव्वदीत मध्यमवर्गीय घरांत आल्या. सुट्टीत गल्लीतल्या दुकानातून कॅसेट दिवसाच्या भाड्याने आणायची, आणि चालली नाही तर तिच्यात फुंकर मारायची. ती कॅसेट कुणाच्या कपाटात आजही असेल. जिओने २०२२ च्या सुमारास आपली क्लाउड सेवा चाचणीसाठी काढली, आणि मायक्रोसॉफ्टने २०२५ च्या नोव्हेंबरात आपली सेवा भारतात आणली. मुंबईच्या किनाऱ्याला १८७० साली समुद्राखालची तार लागली, तेव्हा विलायतेचा निरोप मिनिटांत येऊ लागला म्हणून लोक थक्क झाले होते. आजही आंतरराष्ट्रीय तंतू ह्याच शहरात वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात. पण खेळासाठी तेवढे लांब जाणे परवडत नाही, हे वर आलेच आहे. वखार इथेच हवी.

कॅलिफोर्निया राज्यात, जिथे ह्यांतल्या काही कंपन्या आहेत, १ जानेवारी २०२५ पासून एक कायदा लागू झाला. खेळ, चित्रपट किंवा पुस्तक तारेतून विकताना ‘विकत घ्या’ असा शब्द वापरायचा असेल, तर ग्राहकाला मालकी मिळत नसून केवळ वापराचा परवाना मिळतो, हे त्याला स्पष्ट सांगितले पाहिजे. जी चीज उतरवून घेऊन विक्रेत्याच्या मर्जीवाचून कायम वापरता येते, तिला ह्यातून सूट आहे. आणि महिन्याच्या वर्गणीवर चालणाऱ्या सेवांनाही सूट आहे. तिथे विकत देण्याचा आव कुणी आणतच नाही.